आरसा वर गेल्यावर

सोलापूरच्या डॉक्टरांनी मला आणि भाच्याला बाहेर बोलावून सांगितलं, की आता पेशंटला घरी न्या, मागतील ते खायला द्या. भाचा तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. मी म्हणालो, ‘मी नारळपाणी आणतो,’ आणि जिना उतरलो. बऱ्याच वेळाने वर आलो तेव्हा माझ्या हातात नारळ नव्हता, कॅमेऱ्याचा खोका होता.

अक्का नारळपाण्याची वाट बघत खाटेवर उठून बसली होती. तिने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘ह्यो नारळ चौकोनी हाय व्हय?’

नळदुर्ग येईपर्यंत खोका माझ्या मांडीवर होता आणि अक्काचं डोकं माझ्या खांद्यावर.

अक्का माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा ती लहानग्या मुलाला घेऊन सासरच्या ईट गावाहून आमच्याकडे आली आणि इथलीच झाली. मी लग्न केलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकं वाचली, अक्काच्या हातचं जेवलो. तिचा मुलगा मोठा झाला, हायवेवर त्याचं टायरचं दुकान झालं, सून घरात आली. आमचं घर एवढंच.

कॅमेरा का घेतला, ते आमच्या भिंतीवर बघितलं की कळतं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो सहसा काढत नाहीत. धुतलेलं लुगडं नेसवून, खुर्चीवर बसवून कुणाचा फोटो काढला, की तो कशासाठी ते सगळ्या गल्लीला कळतं. त्याला हाराचा फोटो म्हणतात. जित्या माणसाचा हाराचा फोटो कोण काढणार? मग माणूस गेल्यावर धावपळ होते. स्टुडिओवाला आधारकार्डावरचं डोकं घेतो आणि त्याच्याजवळ तयार असलेल्या एका धडावर बसवतो. आमच्या आईचं तेच झालं. जन्मभर नऊवारी नेसून डोक्यावर पदर घेतलेली आई भिंतीवर जरीच्या सहावारीत बसली आहे, पदर खांद्यावर पिनेने लावलेला. मांडीवर ठेवलेले हात गोरे आणि लांब बोटांचे आहेत. आईचं एक बोट कडबा तोडताना अर्धं गेलं होतं. फोटोत ते पुरं आहे.

अक्का त्याच्याकडे बघून हसायची. ‘मेल्यावर का हुईना, आईला शहर भेटलं.’

मीही हसत असे. पण त्या दवाखान्यात, डॉक्टर बोलत असताना, माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर बसवलेलं अक्काचं डोकं आलं. जिन्यावर मी काही ठरवल्याचं आठवत नाही. पाय आपोआप गेले. मोबाइल खिशात होता, पण मोबाइलमधला फोटो मोठा केला की चेहरा फुटतो, असं स्टुडिओवाला आईच्या वेळी म्हणाला होता. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

दुकानदाराने मोठमोठे कॅमेरेही दाखवले. मी सगळ्यांत लहान घेतला. खिशात मावणाऱ्या एखाद्या जाड शब्दकोशाएवढा. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटलं, हा रिकामाच आहे की काय. उजव्या बाजूला बोटांसाठी रबराचा फुगवटा होता आणि माझा हात तिथे असा बसला की जणू आधीपासून ओळख होती. पट्टा नव्या चपलेसारखा कडक. वर एक गोल चकती, तिच्यावर बारीक चित्रं: फूल, डोंगर, पळणारा माणूस आणि टोपी घातलेल्या एका बाईचं तोंड.

‘ही मड्डम कोण?’ अक्काने विचारलं.

‘माणसांचे फोटो काढताना चकती त्या चित्रावर आणायची.’

‘मंजी म्या मड्डम व्हनार.’

मी पुस्तकं वाचणारा माणूस. सोबतची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पानं गाळून पुढे जाणं मला आयुष्यात जमलेलं नाही. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला तर आतलं सगळं पुसट. माझ्या डोळ्यांत पाणी आहे असं वाटून मी चष्मा पुसला, डोळे पुसले, तरी पुसट. पुढच्या पानावर कळलं की खिडकीशेजारी एक नखाएवढं चाक असतं, ते आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. फिरवलं आणि समोर अक्का एकदम उभी राहिली. ओठाच्या कडेच्या सुरकुत्या, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, डोळ्यांतला पिवळेपणा. त्या पिवळेपणाकडे मी इतके दिवस बघत होतो आणि तो मला दिसत नव्हता. मी कॅमेरा खाली ठेवला.

या जातीच्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असतो. बाहेरचं चित्र त्या आरशावरून आपल्या डोळ्यात येतं. बटण दाबलं की आरसा खट्कन वर जातो आणि फोटो निघतो, पुन्हा खट्कन खाली येतो. म्हणजे फोटो निघतो त्या क्षणी काढणाऱ्याला फक्त काळोख दिसतो. पुस्तिकेत हे एका ओळीत होतं, त्यात काही विशेष आहे असं लिहिणाऱ्याला वाटलेलं दिसत नव्हतं. मी ती ओळ वाचली आणि मला बटणाची भीती बसली. अक्का समोर आहे, आहे, आहे, आणि मी बोट दाबलं की नाही.

भीतीपेक्षा मोठी अडचण आवाजाची होती. फोटो तिला न कळता काढायचा होता आणि हा कॅमेरा अडकित्त्यासारखा वाजायचा. सून स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, ‘मामा, हे कशाला आणलंत? आत्याबाईंना समजतंय समदं. शेजारची काकू काल इच्यारत हुती, कॅमेरा कशापायी.’

‘कॉलेजातल्या जुन्या पुस्तकांचे फोटो काढायचेत म्हणून सांग.’

हे अक्काने ऐकलं. ‘मंग पुस्तकाचं काढ की, मास्तर,’ ती आतून म्हणाली. मी मास्तर कधीच नव्हतो. मला चिडवायचं असलं की ती मास्तर म्हणायची.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. तिच्या कानाला आवाजाची सवय लावायची. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न आम्हाला ऐकू येत नाहीत, तसंच. मी पुस्तकांचे फोटो काढले. तुळशीचे काढले, वाळत घातलेल्या पापडांचे, भाच्याच्या मोटारसायकलचे. सकाळपासून घरात खट्, खट्, खट्. काढायचे आणि पुसून टाकायचे. दुकानदाराने सोबत दिलेलं कार्ड लहानसं होतं. अक्का झोपून असायची, उन्हाला उठून दारात बसायची. हळूहळू तिने माझ्याकडे बघायचंही सोडलं. तिचं जेवण वाटीवर आलं, मग अर्ध्या वाटीवर. मला रोज वाटे, आज. आणि रोज बोट बटणावर अडकून राही.

एका दुपारी ती उंबऱ्याशी बसून सुनेबरोबर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. सोलत होती म्हणजे शेंग नुसती हातात धरली होती. सून काहीतरी सांगत होती. मध्येच सून आत गेली आणि अक्काने मान वर करून रस्त्याकडे बघितलं. मी दाबलं. खट्.

‘ह्यो येगळा वाजला,’ अक्का म्हणाली. मान तशीच रस्त्याकडे.

आवाज तोच होता. रोजचाच.

‘दाव.’

मी जवळ बसून मागचा पडदा तिच्यापुढे धरला. तिने कॅमेरा हातात घेतला. एवढासा कॅमेरा, पण तिचं मनगट लचकलं, म्हणून मी खालून हात लावला. ती खूप वेळ बघत होती. फोटो चांगला आला होता. चांगला म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. ती त्यात पूर्ण होती.

‘आईवानी दिसाया लागले म्या,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘पूस ह्यो.’

‘अक्का, एवढा एक राहू दे. मी कुणाला दाखवणार नाही.’

‘दावशील की. म्या गेल्याव दावशील. भिताडाला लावशील.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘बघ ह्यात. ह्या तोंडाला समदं ठावं हाय. म्या चालले, हे ह्येला ठावं हाय. पोराला वाटतंय, आयला कायच ठावं न्हाय. औशिद पितीया, बरी व्हनार म्हनतीया. त्येनं रोज सकाळी दुकानाला जाताना ह्ये तोंड बघायचं व्हय?’

मी पुष्कळ बोललो. आयुष्यात इतकं सलग बोललो नसेन. आईचा फोटो दाखवला, ते हात दाखवले. तुझंही असंच करतील म्हणालो. ती म्हणाली, ‘करू द्यात. गोरे हात भेटत्याल.’ मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, ‘पूस, बाळा.’

मी पुसला. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, ते तिने बोटाने दाखवलं. ‘ह्यात गेले का म्या?’ आणि ती हसली. मग म्हणाली, ‘काढायचाच असंल तर आता काढ. हासते म्या. हासल्याला काढ.’ तिने पदर नीट केला, ओठ ओढून धरले, आणि तेवढ्यात कळ आली. ती भिंतीला टेकली. ‘उद्या,’ म्हणाली.

उद्या ती उठून बसली नाही. त्यानंतरही नाही. झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नये, एवढं मलाही कळत होतं. कॅमेरा टेबलावर तसाच पडून राहिला.

ती गेली. दहाव्याला भाचा म्हणाला, ‘मामा, आयचा फोटो करून आणाया पायजे तेराव्याला.’ आम्ही दोघे स्टुडिओत गेलो. आधारकार्ड पुढे ठेवलं. स्टुडिओवाला म्हणाला, ‘सर, तुमच्याकडं नवा कॅमेरा हाय म्हणत्यात. त्यात न्हाय का काढला?’

‘एक काढला होता. पुसला गेला.’

‘मग काय! पुसल्यालं येतंय परत. कार्ड आणून द्या, आपल्याकडं सॉफ्टवेअर हाय. फकस्त त्याच्यावर नवीन काय घेऊ नका. नवीन भरलं की जुनं गेलं.’

भाच्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्याने रस्त्यातच माझा हात धरला. ‘मामा, आजच देऊ कार्ड. आयचा एक तरी धड फोटो व्हईल. तुम्ही काढलाय मंजी चांगलाच असंल.’

मी म्हणालो, ‘उद्या बघू.’

‘उद्या कशाला?’

का ते मला सांगता येत नव्हतं. कारण सांगितलं तर अक्काने जे लपवायला सांगितलं तेच सांगितल्यासारखं झालं असतं. फोटो देता येत नव्हता, का देत नाही हेही बोलता येत नव्हतं. घरी आलो. माझ्या टेबलावर कॅमेरा, आणि त्यातल्या त्या नखाएवढ्या कार्डात अक्का होती. पुसलेली, पण होती. आता आम्ही तिघे एका घरात आणि एवढी एक ती, जिचं तोंड माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं. वाटलं, देऊन टाकावं. ती गेली, आता तिला काय कळणार? मग तो दंडावरचा हात आठवायचा.

पुस्तिकेची शेवटची पानं मी त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी वाचली. व्हिडिओचं प्रकरण शेवटी होतं. व्हिडिओ चालू असताना आरसा वरच राहतो, कॅमेरा वाजत नाही, आणि कार्ड लवकर भरतं. वाजत नाही. हे मी आधी वाचलं असतं तर, या विचारापाशी मी किती वेळ बसलो माहीत नाही.

मग गच्चीवर गेलो. कठड्यावर कॅमेरा ठेवला, हायवेच्या दिशेने तोंड केलं आणि व्हिडिओ चालू केला. ट्रक जात होते. खिडकीला डोळा लावला तर आत नुसता काळोख. अधूनमधून कॅमेरा आपणहून थांबायचा, मी पुन्हा बटण दाबायचो. ट्रक, ढाब्याचा धूर, लांबवरची किल्ल्याची भिंत, पुन्हा ट्रक. प्रत्येक ट्रकाबरोबर अक्काचा थोडा थोडा भाग जात होता, असं मला दिसत होतं. आधी पदर, मग हातातली शेंग, मग तोंड. थांबवावंसं वाटत होतं. थांबवलं नाही. पडद्यावर ‘कार्ड भरले’ अशा अर्थाची ओळ आली, तेव्हा भाचा जिन्यात उभा होता.

‘मामा, काय करताय?’

मी पडदा त्याच्यापुढे धरला. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो ओरडला नाही, खाली बसला. म्हणाला, ‘का वं, मामा? का?’

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. अक्काला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं हे तुला कळू नये म्हणून तिने फोटो पुसायला लावला.

‘मला म्हाईत हुतं की,’ तो म्हणाला. ‘कुठलं लुगडं नेसवायचं, सोनारीच्या भैरोबाचा नवस कुणी फेडायचा, समदं तिनं मला सांगितलंय. महिना झाला आसंल. म्हनली, मामाला बोलू नगं, त्येला झेपायचं न्हाय.’

आम्ही दोघे गच्चीवर बसून राहिलो. रडणं आलं ते त्यालाच आलं. मला आलं नाही. मी विचार करत होतो की मग तिने तो का पुसायला लावला असेल. मला तिने खरं कारण सांगितलं की मला पटेल असं कारण सांगितलं? कदाचित तिला तो फोटो नुसता आवडला नसेल. कदाचित तिला भिंतीवर राहायचंच नसेल. आता कुणाला विचारणार?

तेराव्याचा फोटो आधारकार्डावरूनच झाला. मी त्याच्याकडे बघत नाही. पण त्या दिवशी, पंगती उठल्यावर, भाचा माझ्या खोलीत आला आणि दाराशीच बसला.

‘मामा, तुम्ही बघितलाय त्यो फोटो. तुम्ही शिकल्यालं हाय. सांगा की, कशी दिसत हुती आय?’

मी सांगायला लागलो. उंबऱ्याशी बसली होती. हातात तुरीची शेंग होती, सोललेली नव्हती. उजेड एका गालावर होता. मान रस्त्याकडे होती.

‘आनि?’

मी डोळे मिटले. तोंडाच्या जागी, आरसा वर गेल्यावर दिसतो तसा, काळोख होता. पदर हिरवा होता. कानाची पाळी दिसत होती.

‘आनि, मामा? तोंड?’