मोटारसायकलवरून पडलेला खलाशी

माझा धाकटा भाऊ जहाजावर खलाशी होता. एरंडोलजवळच्या आमच्या गावात फारसा कुणी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे तो तिथे नेमकं काय करतो हे कुणालाच कळायचं नाही. पण 'पोऱ्या जहाजवर शे' एवढ्यावर त्याचं लग्न ठरलं. आणि साखरपुड्याच्या तोंडावर तो लंगडत घरी आला. परदेशातल्या एका बंदरात जहाज धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटून त्याच्या गुडघ्यावर बसला होता.

आमच्या वडिलांनी, आबांनी, डोकं चालवलं. जहाजावर लागलं म्हटलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मुलगी गेली! त्यापेक्षा पोरगा सुटीवर आला आणि मोटारसायकलवरून पडला, असं सांगायचं. मुलीकडच्यांना हेच सांगितलं, गावालाही हेच. मी धुळ्यात देवपूरला राहते, शाळेत शिकवते. माझ्या कानावर हे आलं तोवर बातमी पारोळ्यापर्यंत पोचली होती.

गुडघा काही धड झाला नाही. पुन्हा जहाजावर जाता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी ते मुलीकडच्यांना कळू दिलं नाही, पण मी भावाला धुळ्याच्या एका वकिलांकडे नेलं. त्यांचा जन्म शेताच्या बांधांची भांडणं लढण्यात गेलेला. इथे जहाज एका देशाचं, मालक दुसऱ्या देशाचा, नोकरी लावणारी एजन्सी मुंबईची आणि अपघात तिसऱ्याच मुलखात.

"मग कायदा कुठला?" मी विचारलं.

"तेच शोधतोय, मॅडम. पण कामावर लागलं असेल तर उपचार आणि भरपाई हा त्याचा हक्क आहे. उपकार नाही."

मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा धन्यवाद दिले.

वकिलांनी भरपाईची नोटीस धाडली, तसा एजन्सीने चौकशीला माणूस पाठवला. तो थेट आमच्या गावात उतरला आणि गावाने इमानेइतबारे आमची बाजू राखली. शेजारच्या नानांनी तर त्याला रस्त्यातला खड्डाही दाखवला. एजन्सीचं उत्तर आलं : जहाजावर नुसती सूज होती, गुडघा मोडला तो गावी.

मी नानांचे पाय धरले. म्हटलं, आता खरं सांगायला चला. ते भडकले.

"मी खोटं बोलनू ते कोणाकरता? तुम्हनाकरताच ना? आते कोणतं तोंड लिसन कोर्टमा जाऊ?"

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हेच समजेना. आबांना पोराचा संसार व्हायला हवा होता. नाना आमच्या प्रेमापोटी बोलले होते. खरं सांगावं तर लग्न मोडतं, खोटं रेटावं तर हक्क बुडतो. शाळेत खरं बोलायला शिकवणारी मी, पण माझंच डोकं चालेना.

पुढच्या भेटीला आबाही आले. वकील भावाला म्हणाले, "आता तुमच्या तोंडून होऊ द्या. कुठे लागलं?"

भावाने आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोर त्याच्याच गुडघ्यावर बसला होता. तरी त्याने मला हळूच विचारलं, "अक्का, आपलं काय सांगायचं ठरलंय?"