ट्रंक कॉलवर दिलेलं नाव

विजयाताईंच्या लेखामुळे माझी नोकरी गेली होती.

आज सकाळी विजयाताई गेल्या.

तेव्हापासून फोन वाजतोय आणि मला कोणाशी धड बोलता येत नाहीये. म्हणून इथे लिहितोय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवर होतो. टेम्पररी. प्रेसला दोन बटणं असायची. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली यायचं, म्हणजे हात आत राहायचा नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझर एक बटण दाबूनच दोरीने बांधून ठेवायला लावायचा.

एके दिवशी फर्स्ट शिफ्टला माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

कंपनीने कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तोंडी सांगितलं, गप्प राहिलास तर परमनंट करू.

मी गप्प राहिलो. लग्नाला वर्षच झालं होतं.

विजयाताई माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळा सुटली की मुंबई-दिल्लीच्या मोठ्या इंग्रजी पेपरांना आणि साप्ताहिकांना पत्रं लिहायच्या. एकच पान. गोष्ट काय आहे, कोण बोलायला तयार आहे, किती शब्दांत देईन. संपादक हो म्हणाला तर पुढे लेख. सोबत स्वतःच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट.

बहुतेक वेळा त्याच पाकिटातून नकार यायचा.

बहिणीकडून माझ्या हाताचं कळलं तशा त्या थेट घरी आल्या. मी म्हणालो, "सगळं सांगतो ताई, पण माझं नाव न्हाई आलं पायजे."

"नाही येणार. शब्द देते."

मग सायकल घेऊन त्या पिंपळे गुरव, सांगवी, चिखली फिरल्या. माझ्यासारखे आणखी सात जण शोधून काढले. सातही जणांनी तीच अट घातली. ताईंनी सातही जणांना तोच शब्द दिला.

मुंबईच्या एका मोठ्या साप्ताहिकाकडून पत्र आलं. गोष्ट हवी आहे. पण निदान एक कामगार खऱ्या नावाने हवा. गुरुवारपर्यंत कळवा.

हे पत्र त्यांनी मला दाखवलंही नव्हतं. बहिणीने सांगितलं. आणि गुरुवारी त्या फोन करायला पोस्टात निघाल्या तेव्हा मी बरोबर गेलो.

ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, लागेपर्यंत दीड तास बाकावर. ताईंच्या मांडीवर लेखाचे कागद. त्या तेच पान परत परत वाचत होत्या.

तेवढ्यात आमच्या कंपनीच्या गेटवर हजेरीची कार्डं सांभाळणारा टाइमकीपर आत आला. तिकिटांच्या रांगेत उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मग ताईंकडे.

"दत्ता, तू घरी जा," ताई हळूच म्हणाल्या.

मी उठणार, तोच काउंटरवरून हाक आली. "मुंबई! बोला!"

ताईंनी रिसीव्हर उचलला. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मला तुटक तुटक कळत होतं. नेम. प्रॉमिस. नो सर. परत नो सर. लाइन खराब, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. रांगेतली सगळी माणसं वळून बघत होती.

ताईंचा चेहरा लाल झाला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "देन देअर इज नो स्टोरी, सर."

हे मला पूर्ण कळलं.

सात माणसं शोधायला त्यांना सहा महिने लागले होते. ते त्या आमच्यासाठी सोडून देत होत्या. आणि तिकडे प्रेसच्या बटणाला दोरी तशीच होती.

मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"साब, मेरा नाम लिखो."

पलीकडून संपादकाने विचारलं, "नौकरी जा सकती है. समझते हैं?"

"समजता हूं."

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. ऐकू येईना म्हणून परत मोठ्याने सांगितलं. टाइमकीपर चार हातांवर उभा होता.

शूर वगैरे काही नव्हतो मी.

लेख छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड नव्हतं. टाइमकीपर मान वर करेना.

ताईंनी त्याच संपादकाला लिहिलं, ज्याचं नाव छापलंत त्याला काढून टाकलंय, ही गोष्ट घ्या. उत्तर आलं, हा विषय आमच्याकडे नुकताच होऊन गेला आहे.

मग दिल्लीला लिहिलं. कलकत्त्याला लिहिलं. सगळी पाकिटं परत.

पण लेखानंतर सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला होता. दोऱ्या निघाल्या, मशीनला जाळी बसली. पाच महिन्यांनी मला चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथूनच रिटायर झालो.

माझी नोकरी गेली हे ताईंनी मनाला फार लावून घेतलं. एकदा म्हणाल्या, "मी फोन आधीच ठेवायला हवा होता."

"नाव मी दिलं ताई."

"पत्र मी लिहिलं होतं."



दहा-बारा वर्षांपूर्वी सांगवीत एका लग्नात पंगतीला शेजारी एक जण बसला होता. बोलता बोलता कळलं, मला काढल्यावर दोन वर्षांनी तो त्याच प्रेसवर लागला. तीस वर्षं काढली. दोन्ही हात धड.

जेवण झाल्यावर मी त्याला तसाच ताईंच्या घरी घेऊन गेलो. कोण, कुठला, ते सांगितलं.

ताईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बराच वेळ सोडले नाहीत. त्याला बिचाऱ्याला काही कळेना.

मग म्हणाल्या, "बस बाबा. चहा टाकते."

त्या दिवसानंतर फोनचा विषय त्यांनी परत काढला नाही.

ताई, तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं.

नमस्कार करतो.

तुमचा दत्ता