काटेवालीचे सदतीस मार्क

तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की काटेवाली. तिच्याशी वाद घालून हरलेली माणसं आणखीही काही म्हणत, पण ते इथे सांगण्यासारखं नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी खोली. समोर उंच टेबल, टेबलावर तेलाची बाटली आणि चिमटे, मागच्या फळीवर पितळी वजनं उतरत्या उंचीने ओळीत लावलेली. ती ओळ कुणी हलवली तर बाई दिवसभर फुरंगटून बसायची.

दुकान मूळचं तिच्या वडिलांचं, आणि त्यांनी घालून दिलेली एक रीत तिने कधी मोडली नाही. काटा दुकानात आला की सगळ्यात आधी अदलाबदल. डाव्या पारड्यात वस्तू, उजव्यात वजनं, आकडा लिहायचा. मग वस्तू उजवीकडे, वजनं डावीकडे, पुन्हा लिहायचा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर काटा खरा. नाही आला, तर दांडीची मधली धार, जिच्यावर दांडी झुलते ती, सरकलेली आहे, मग रिकामी पारडी कितीही सरळ दिसोत. वडील म्हणायचे, "रिकामा असताना सरळ दिसायला काय जातंय."

याच रीतीने तिचा घात केला होता. दहावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात तिच्या वाट्याला वजन करायचा प्रयोग आला. समोर काचेच्या पेटीतला काटा आणि एक पितळी गट्टू. दुसऱ्या कुठल्याही मुलीने गट्टू तोलला असता, आकडा लिहिला असता आणि घरी जाऊन जेवली असती. हिने अदलाबदल केली. आकडे वेगळे आले. पंधरा वर्षांची पोर, पण बापाच्या दुकानात वाढलेली, खोटा काटा समोर ठेवून तिला बसवेच ना. तिने केसातली पिन काढली आणि मधल्या धारेचा स्क्रू सैल करायला घेतला. तेवढ्यात परीक्षक मागे येऊन उभे राहिले. शाळेच्या उपकरणाची मोडतोड, असा शेरा पडला आणि प्रात्यक्षिकाच्या चाळीसपैकी शून्य. लेखीचे साठपैकी सदतीस होते, तेवढेच शंभरपैकी धरले गेले. काठावर पास.

वडिलांनी गुणपत्रिका बघितली, काय झालं ते विचारलं, आणि एवढंच म्हणाले, "पिनेने करतात होय गं? पेचकस न्यायचा." त्यानंतर तिला पुढे शिकवण्याचा विषय कुणी काढला नाही आणि तिनेही हट्ट धरला नाही. हा हट्ट तेव्हा का धरला नाही, याचा राग तिला पुढे अठ्ठावीस वर्षं पुरला.

मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले. काटे बदलले. पारडी जाऊन आकडे दाखवणारी यंत्रं आली. बिघडली की आतली पट्टी काढून कंपनीला पाठवायची आणि नवी बसवायची, बस्स. त्या चपट्या धातूच्या पट्टीला वजन कळतं कसं, हे कंपनीचा माणूस सांगेना. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "तुम्हाला काय करायचंय ताई, बसवा आणि सोडून द्या," तो म्हणाला. हे वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं. चाळिशी उलटल्यावर तिने बाहेरून बारावी दिली. लेक तेव्हा नर्सिंगला होती, ती संध्याकाळी आईला गणितं समजावायची आणि चुकलं की आईचाच सूर काढून ओरडायची. बारावीला भौतिकशास्त्रात एक्याऐंशी पडले. विद्यापीठात नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी भौतिकशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग होता. यंदा शेवटची तुकडी, पुढच्या वर्षीपासून बंद. काटेवालीने अर्ज भरला.

प्रवेश विभागातला कारकून निवृत्तीला आलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, स्वभावाने गरीब. त्याने कागद चाळले आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवलं.

"बाई, इथे अडतंय. दहावीच्या विज्ञानात किमान पन्नास लागतात. तुम्हाला सदतीस आहेत."

"बारावीला एक्याऐंशी आहेत ना."

"ते आहेत. पण नियमात दोन्ही आहेत."

"साहेब, तुमच्या प्रयोगशाळेतले काटे दरवर्षी तपासायला कोण येतं?"

कारकुनाने चष्मा लावून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच येता की."

"आणि गेल्या वर्षीचा शिक्का असलेला काटा चालतो का तुम्हाला?"

"छे, दरवर्षी नवा लागतो."

"मग माझ्यावरचा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा शिक्का बरा चालतो."

कारकून हसला, पण कागद त्याने पुढे सरकवला नाही. नियम त्याने केलेला नव्हता आणि मोडायची त्याची छाती नव्हती. मात्र माणूस भला. आवाज खाली आणून म्हणाला, "समितीला सूट देता येते. एक अर्ज लिहा. परीक्षेच्या वेळी आजारी होते, नाहीतर घरी अडचण होती, असं काहीतरी. देतात. मी स्वतः पाहिलंय."

"मी ठणठणीत होते."

"अहो, अठ्ठावीस वर्षांनी कोण तपासायला जातंय?"

"मी जाते ना. माझा धंदाच तो आहे." बाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मला ताप नव्हता, घरी कुणी मेलं नव्हतं. काटा खोटा होता आणि मी तो दुरुस्त करायला गेले. आजारी होते असं लिहायचं म्हणजे काटा बरोबर होता असं कबूल करायचं. ते मी मेले तरी लिहिणार नाही."

कारकुनाने सुस्कारा टाकला, नियमांची वही पुन्हा उघडली आणि बराच वेळ पानं उलटली. शेवटी म्हणाला, "एक वाट आहे, पण तुम्हाला लाज वाटेल. त्या एका विषयाला पुन्हा बसता येतं. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात. निकाल मुदतीच्या आत लागतो. पोराटोरांत बसावं लागेल."

"लाज कसली त्यात," ती म्हणाली, आणि तो फॉर्म कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

घरी नवऱ्याने आधी विश्वास ठेवला नाही आणि मग जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. लेक म्हणाली, "आई, आपल्या घराण्यात दहावी दोनदा देणारी तूच पहिली." पण दुसऱ्या दिवशी तिनेच आपली जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून धूळ झटकून दिली. महिनाभर दुकानात काट्यांच्या शेजारी दहावीचं विज्ञान उघडं पडलेलं असे. गिऱ्हाईक विचारी, "ताई, मुलीचं का?" ती म्हणे, "माझं. नापास झालेय." झाली नव्हती, पण माणसाचा चेहरा बघायला तिला मजा वाटायची.

लेखी परीक्षा छान गेली. प्रात्यक्षिक तिच्याच जुन्या शाळेत होतं. प्रयोगशाळेच्या दारात पोरं रांगेने उभी, ती तिला पालक समजून वाट देत होती. ती त्यांच्याच रांगेत उभी राहिली तेव्हा एका मुलीने हळूच विचारलं, "काकू, तुम्ही पण?" काकूंनी मान हलवली. मनात मात्र एकच हिशोब चालू होता. पन्नासला एक मार्क जरी कमी पडला तर वर्ग हातचा जाणार, कायमचा.

चिठ्ठी उचलली, वजन करायचा प्रयोग निघाला. तिला एका काचेच्या पेटीपाशी नेऊन बसवलं. तिने पेटीची झडप वर केली आणि दांडीकडे बघत राहिली. मधल्या धारेच्या स्क्रूवर एक तिरका ओरखडा होता. पितळ काळं पडलं होतं, पण ओरखडा ओळखू येत होता. केसातल्या पिनेचा.

अदलाबदल केली. डावीकडून साडेअठ्ठेचाळीस ग्रॅम, उजवीकडून साडेएक्कावन्न. तिला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं. तिला शून्य देणाऱ्यांनी काटा पुन्हा उघडूनही बघितला नव्हता. दांडीच्या टोकांचे स्क्रू पिळून रिकामी पारडी सरळ केली आणि पेटीत ठेवून दिला. दरवर्षी पोरं यायची, खोटा आकडा लिहायची, मार्क घालवायची आणि स्वतःलाच ढ समजून घरी जायची. एकट्या तिचं नुकसान झालं असतं तर तिने कदाचित गिळलं असतं. हे तिला गिळवेना.

पण पंधराची असताना जे सुचलं नव्हतं ते आता सुचलं. आधी पेपर, मग काटा. तिने दोन्ही आकडे लिहिले, त्यांच्या मधला पन्नास हा खरा म्हणून लिहिला, काटा खोटा का आहे ते चार ओळींत लिहिलं, आकृती काढली आणि उत्तरपत्रिका नेऊन दिली. परीक्षक बाई तिच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, कपाळाला आठी. काटेवाली परत जागेवर गेली आणि पिशवीतून पेचकस काढला.

"अहो, हे काय करताय?" परीक्षक बाई धावत आल्या. "उपकरणाला हात लावायचा नाही."

"या काट्यावर अजून किती जण बसणार आहेत?"

"चार. तुम्हाला काय करायचंय?"

"ते चौघं चुकीचं उत्तर लिहिणार आहेत. बरोबर तोलूनसुद्धा."

"तुम्ही हात लावलात तर मला शून्य द्यावं लागेल. नियम आहे."

पोरांनी लिहायचं थांबवलं होतं. काटेवालीने पेचकस खाली ठेवला नाही.

"द्या," ती म्हणाली. "मी एकदा घेतलंय, मला सवय आहे. पण माझ्या मागच्या चौघांना देऊ नका. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही तोला. गट्टू आधी डावीकडे ठेवा, मग उजवीकडे."

परीक्षक बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेचकसाकडे पाहिलं. मग आठी तशीच ठेवून खुर्ची ओढली आणि तोलायला बसल्या. एकदा तोललं. बाजू बदलून पुन्हा तोललं. मग तिसऱ्यांदा. त्यांनी मान वर केली तेव्हा आठी गेलेली होती.

"मी सहा वर्षं या काट्यावर परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. मग खुर्ची मागे सारून विचारलं, "किती वेळ लागेल?"

"सहा मिनिटं. तेव्हाही सहाच लागली असती."

मागच्या चौघांना परीक्षक बाईंनी दहा मिनिटं बाहेर थांबवलं. काटेवालीने स्क्रू सैल केला, धार मध्ये सरकवली, कसली, अदलाबदल केली. पन्नास आणि पन्नास. तिने झडप खाली केली, फडक्याने काच पुसली आणि बाहेर आली. कॉरिडॉरमधल्या नळावर तोंड धुताना मात्र तिला रडू फुटलं. कुणी बघत नव्हतं म्हणून तिने ते थांबवलं नाही. पेचकस न्यायचा, असं म्हणणारा माणूस आज असायला हवा होता, एवढंच तिला वाटत होतं.

निकाल लागला. विज्ञान चौऱ्याऐंशी, त्यात प्रात्यक्षिकाचे चाळीसपैकी चाळीस. मुदत संपायच्या दोन दिवस आधी ती प्रवेश विभागात हजर झाली. कारकुनाने नवी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि मनापासून खूश झाला.

"झालं बाई, सुटलात." त्याने अर्जाला जोडलेली जुनी गुणपत्रिका अलगद काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही घ्या घरी. फाडून टाका आता."

"ती कशाला काढताय? परत लावा."

"अहो, गरज नाही तिची. उगाच कुणाच्या नजरेला पडेल."

"पडू दे. दोन्ही लावा."

"नव्या मार्कांवर प्रवेश मिळतोय ना तुम्हाला. जुने आता मोजत नाहीत."

"तुम्ही मोजू नका. पण ते काटा न तपासता दिलेले मार्क आहेत आणि हे तपासून दिलेले. काटा एकच. दोन्ही समोर असले तरच खोट कुठे होती ते वाचणाऱ्याला कळेल. मी काही लपवायला आलेले नाही."

कारकुनाने चष्मा डोळ्यांवरून गळ्यात सोडला आणि दोन्ही कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. स्टेपलर जुना होता, पिन अर्धीच घुसली. काटेवालीने तो त्याच्या हातातून घेतला आणि दाबला.