चोख हवा

आमच्या आत्याच्या यजमानांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती फेकून दिलेली नाही. ही अतिशयोक्ती वाटेल, पण विट्याच्या त्या घरात एकदा चहा घेऊन बघा. बिस्किटं तुमची, पुड्याचा कागद मामांचा. (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात.) तो कागद ते धुऊन चिमट्याने दोरीवर वाळत घालत. एकदा एका पाहुण्याने त्या रंगीत पताका बघून विचारलं होतं, "घरात कार्य कुणाचं हाय?"

मामांनी उमेदीची सगळी वर्षं तिकडे तमिळनाडूत, सेलमला गलाईचं दुकान चालवलं. सोनं गाळणाऱ्याच्या दुकानात केर नावाची गोष्टच नसते. झाडलेली धूळ, हात पुसलेलं फडकं, बसायचं फाटकं पोतंसुद्धा जाळून, धुऊन त्यातून कण काढायचे. ती सवय घेऊनच ते गावी परतले. घरात ओल्याचा डबा, सुक्याचा डबा आणि तिसरा, झाकणाचा, विषाचा. त्यांच्या भाषेत 'इखाचा'. त्यात संपलेले सेल, जुनी औषधं, इंजेक्शनच्या सुया. तो डबा घंटागाडीवर ते स्वतः नेऊन देत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

कॉलेजात असताना मी कचऱ्यावर एक जळजळीत पत्रक काढलं होतं. 'नागरिकांनो, जागे व्हा!' मामांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "लय झ्याक लिवलंयस पोरी. कागद बी जाड हाय." दुसऱ्या दिवशी त्यात फुटका ग्लास गुंडाळून, वर लाल खडूने 'काच. हात जपा' असं लिहून त्यांनी तो घंटागाडीवरच्या बाईंच्या हाती दिला. माझ्या पत्रकाने कुणी जागं झालं नाही, पण एक हात वाचला.

हे सगळं खूळ आहे, असंच मी समजत होते. पण सेलमला आत्याने संसार केला तो दुकानाच्या माडीवर. खालून तेजाबाची वाफ वर यायची, आणि तिची छाती तिथेच गेली. मामा हे कधी बोलत नसत. इकडे विट्यात, गल्लीच्या कोपऱ्यावर लोक रोज सकाळी कचरा पेटवत. प्लॅस्टिकचा काळा धूर खिडकीतून आला की आत्या खाटेवर उठून बसे, आणि खोकला थांबेपर्यंत मामा तिची पाठ चोळत. त्यांनी हात जोडून पाहिले, भांडूनही पाहिलं.

"आवं मामा, जाळल्याबिगर घाण जाईल व्हय?"

"जात न्हाई रं. माझ्या घरात येती."

मग एका सकाळी, कुणी काडी ओढायच्या आत, मामा चाळण घेऊन त्या ढिगाऱ्याशी जाऊन बसले आणि मुकाट चाळू लागले. आता विट्यात म्हातारा गलाईवाला केर चाळताना दिसला, तर लोक त्याचा अर्थ एकच लावणार.

"मामा, काय हाय त्यात?"

"बघतोय."

एवढं पुरलं. कुणी सूप आणलं, कुणी पिठाची चाळण. एकमेकांकडे न बघता अख्खी गल्ली कचरा निवडू लागली. दुपारपर्यंत काच एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे, भाजीची देठं तिसरीकडे, आणि सेल मामांच्या डब्यात. पेटवायला ढीगच उरला नाही.

"आता तरी सांगा की, काय गावलं?" एक शेजारी घाम पुसत म्हणाला.

मामांनी घराच्या खिडकीकडे बोट केलं. "सकाळधरनं म्हातारी खोकली न्हाई. ऐकलासा का?"

 मग कुणीतरी हसलं, "म्हाताऱ्यानं गंडवलं की रं आपल्याला!" पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर धूर नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी मामा दारात उभे राहून लांब श्वास घेत आणि सोन्याचा कस सांगावा तसं आत ऐकू जाईल असं म्हणत, "चोख हाय."

आतून आत्या म्हणे, "मग उघडा की खिडकी."

आत्या आता नाही. परवा मी गेले तेव्हा दोरीवर कागद वाळत होते आणि मामा दारात उभे होते. त्यांनी लांब श्वास घेतला, "चोख हाय" म्हणाले, आणि सवयीने जरासे थांबले. मग आत जाऊन त्यांनीच खिडकी उघडली.