जिंकलो तर राहतो

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आबा मला पोहोचवायला स्टँडवर आले होते, पण पुरते आले नव्हते. त्यांनी बॅग चढवून दिली, हातात केळी कोंबली आणि मग त्यांचे कान मैदानाच्या दिशेला लागले. आमच्या तालमीची मॅच होती त्या दिवशी. बेंगळुरूची गाडी सुटायला अजून अवकाश होता. "गाडी काय, सुटंल तवा सुटंल," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक थाप मारली. "पोचलास की फोन कर." आणि वडील सेकंड हाफ गाठायला निघून गेले. मी खिडकीत बसून केळी खाल्ली. हात हलवायला खाली कुणी नव्हतंच.

तुम्ही पेठेतलेच असाल तर हसाल, कारण तुम्हीही तेच केलं असतंत. पण माझ्यासारखी पोटासाठी बाहेर पडलेली, पण पेठ न पाहिलेली मंडळीही हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तालीम कुस्तीची, पण तिची फुटबॉलची टीमही असते. ती टीम कुणी निवडत नाही. ज्या गल्लीत जन्माला आलात ती तुमची तालीम, विषय संपला. टीम परगावी खेळायला निघाली की गल्लीतली माणसं मागोमाग निघतात. गडहिंग्लज असो, मिरज असो नाहीतर गोवा, घरात साखरपुडा असला तरी निघतात. मैदानावर माझी जागा आबांच्या डाव्या हाताला होती. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे तिकडून आलेल्या शिव्या मी त्यांना परत सांगायचो.

मी गेलो आणि त्या जागेवर दिग्या उभा राहिला.

दिग्या म्हणजे दिगंबर, माझा बालमित्र. गल्लीच्या तोंडाशी त्याची पिठाची गिरण आहे. मॅचच्या दिवशी तो दारावर पाटी लावतो, 'आज दळण नाही', आणि बायका त्याला शिव्या घालत डबे परत नेतात. माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. मला तो गेली कित्येक वर्षं डोळ्यांसमोर नको आहे. तालमीच्या ग्रुपवर फोटो येतात. मडगावला आबा बसच्या पायरीवर चहा पिताहेत, शेजारी दिग्या. बेळगावात आबांच्या गळ्याला मफलर, गुंडाळून देतोय दिग्या. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून फोटो मोठा करून बघतो आणि ताट तसंच बाजूला सरकवतो.

आणि माझ्याकडे यायचं म्हटलं की आबांचे गुडघे दुखतात. आई गेल्यापासून मी दर दिवाळीला विनवतोय. माझ्या बायकोनं, वैशालीनं, दोनदा रेल्वेचं खालचं बर्थ बुक केलं, दोनदा रद्द केलं. "बसणं होत न्हाई रं आता," म्हणतात. बेळगावला जाताना ते गुडघे कुठं ठेवून जातात कोण जाणे.

इथं माझं वाईट चाललंय अशातला भाग नाही. आधी राजाजीनगरात एक खोली होती, आता तिथंच फ्लॅट आहे. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे रोज अख्खं शहर आडवं पार करायचं. आमच्या गल्लीत जुनी मराठी घरं आहेत, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेली. ती मंडळी मला प्रेमानं अण्णा म्हणतात आणि "तुम्ही नवे ना?" असंही विचारतात. माझी मुलगी इथं कॉलेजला गेली, तरी मी नवाच. भाषेतही इथलं पाणी शिरलंय. रिक्षावाल्याशी, दुधवाल्याशी बोलून बोलून थोडंच्या जागी 'स्वल्प' आणि बरंच्या जागी 'सरी' तोंडात बसलेत. फोनवर चुकून "सरी, सरी" म्हटलं की आबा विचारतात, "कसल्या सरी? पाऊस लागलाय का तिकडं?"

फोनवर आमचं बोलणं तेवढंच. जेवलास का, पोरगी बरी आहे का, हवा कशी आहे. पाहुण्यांची करावी तशी चौकशी. दिग्याला मात्र ते दर वाक्यात गाढव म्हणतात. मला गाढव म्हणून किती काळ लोटला!

तर यंदा आमच्या टीमला बेंगळुरूतल्या एका स्पर्धेचं निमंत्रण आलं आणि आबांचा फोन आला. "बेंगळूरला येतोय." मी आनंदानं उभाच राहिलो. मग लक्षात आलं, ते "बेंगळूरला येतोय" म्हणाले होते, "तुझ्याकडं" नव्हे. रात्रभर बसमध्ये बसून, तालमीच्या माणसांबरोबर, दिग्याच्या शेजारी. गुडघ्यांचा उल्लेख नाही.

मॅच दुपारची होती. सकाळी दोघं घरी जेवायला आले. वैशालीनं मटण केलं होतं. आबांनी घर बघितलं, बाल्कनी बघितली, "हवा चांगली हाय" म्हणाले आणि पानावर बसले. जेवण झाल्यावर मी त्यांना सुपारी द्यायला उठलो, तर दिग्यानं आपल्या शर्टाच्या खिशातून एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आबांनी न बघता ती तोंडात टाकली.

"कसली गोळी?" मी विचारलं.

"प्रेशरची. दोन वर्सं झाली की," दिग्या म्हणाला. "तुला बोलले न्हाईत?"

मला कुणी बोललं नव्हतं. माझ्या बापाचं ब्लड प्रेशर दिग्याच्या खिशात होतं आणि मी त्यांना फोनवर बेंगळुरूची हवा सांगत होतो. इतका जळलो की वैशालीनं माझ्या हातातला अडकित्ता काढून घेतला.

तीच मग म्हणाली, "आबा, आलाच आहात तर राहा आठवडाभर."

आबांनी थोडा विचार केला. "जिंकलो तर राहतो."

वैशालीला कळलं नाही, मला कळलं. आमच्या तालमीची रीत आहे. जिंकलेल्या पोरांबरोबर गुलाल असतो, हलगी असते, त्यांना आणखी कुणाची गरज नसते. पण हरलेल्या पोरांना एकट्यानं घरी पाठवायचं नाही. जे बरोबर आले त्यांनी बरोबरच परतायचं, मग वाटेत मुलाचं घर असो की देवाचं देऊळ.

त्या दुपारी माझ्याइतकं मनापासून तालमीच्या जिंकण्यासाठी कुणी देवाला साकडं घातलं नसेल. तालमीचं नाव व्हावं म्हणून मात्र नव्हे, आमच्या पाहुण्यांच्या खोलीत वैशालीनं नवी चादर घातली होती म्हणून. मैदानाच्या एका कोपऱ्यात आपली माणसं होती, हलगी होती, त्या ओळखीच्या शिव्या होत्या. मी सरळ आबांच्या डाव्या हाताला गेलो. तिथं दिग्या उभा होता. मी दिग्याच्या डाव्या हाताला उभा राहिलो.

आपण एका गोलानं मागं होतो. मॅच संपत आली होती आणि आपल्या फॉरवर्डला गोलसमोर एकट्याला बॉल मिळाला. कोपऱ्यातून एकच आवाज उठला, "हाण!" आणि त्या आवाजावर चढून माझ्या तोंडून निघालं, "होडी! होडी!"

कन्नडात होडी म्हणजे मार, हाण. खालच्या ग्राउंडवर सोसायटीची पोरं खेळतात, त्यांच्यावर ओरडता ओरडता तो शब्द कधी घशात जाऊन बसला मला पत्ताच नाही. जोर लावायची वेळ आली आणि तोच आधी बाहेर पडला.

बॉल बारवरून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "होडी? रंकाळ्यात फिरायला आलाय व्हय?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "त्यांच्यातला दिसतोय. जावा की वो तिकडं, तुमची माणसं समोर हाईत."

आबा वळले नाहीत. त्यांचा डावा कान माझ्याकडे होता, ऐकू गेलं नसेल, असं मी अजून स्वतःला सांगतो. दिग्या वळला. "आपलाच हाय रं. आबांचा पोरगा."

माझ्या तालमीत, माझ्या बापाशेजारी, माझी ओळख दिग्यानं द्यायची! तो हाकलून देता तर परवडलं असतं.

हरलो. बस मैदानाबाहेर उभी होती. पोरं माना खाली घालून चढली, पाठोपाठ माणसं. आबा दिग्याच्या दंडाला धरून सावकाश निघाले. मी आडवा गेलो.

"आबा, एक दिवस तरी. उद्या मी स्वतः गाडीत बसवून देतो."

"पोरं हरल्यात रं," ते म्हणाले. एवढंच. त्यांच्या दृष्टीनं त्यात सगळं आलं होतं.

मग मात्र माझा तोल गेला. रस्त्यावर, सगळ्यांदेखत, ह्या वयात. "पोरं हरली ते दिसतं तुम्हाला! मी पण हरलोय की आबा. इतकी वर्षं हरतोय. मला कोण येतं पोचवायला?"

दिग्या खाली बघायला लागला. आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. ह्या खेपेला उजवा कान माझ्या बाजूला होता.

"मग चढ की गाडीत, गाढवा," ते म्हणाले. "हरलेल्याला एकटं कोण सोडतंय?"

मी चढलो. होतो तसा, अंगावरच्या कपड्यांनिशी, पायात घरच्या चपला. वैशालीला फोन करून सांगितलं, कोल्हापूरला चाललोय, का ते विचारू नकोस. आबांच्या शेजारी दिग्या बसला. तो उठून मला जागा देता तर मला राग आला असता, दिली नाही म्हणूनही आला. मी मागं, घामेजलेल्या पोरांमध्ये, किटबॅगांवर टेकलो. बस तुमकूर रोडला लागली. मग पुढून आबांचा आवाज आला, "मागं कोण बसलंय खिडकीशी? लाव ती. पोरांस्नी घाम आलाय, वारं बाधंल."

खिडकीशी मी होतो. हवा कशी आहे ते त्यांनी विचारलं नाही, जेवलास का विचारलं नाही. काम सांगितलं. मी उठून काच ओढली. ती अर्ध्यात अडकली, तर दिग्या मागं आला आणि आम्ही दोघांनी मिळून ती बसवली.