आठवड्याचा मुकादम

चादरीची दोन टोकं आत्याच्या हातात, दोन माझ्या. झटका द्यायचा, ताणायची, मग घडी.

"ओढ गं, जेवली नाहीस का?" आत्या ओरडली.

ती माझ्या बापाची बहीण. मी शाळा सोडली तेव्हा दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिनेच मला चिकटवलं. तिला कोणी वाकडं बोललं तर तोंड फोडीन, आधीच सांगते.

आमच्याकडे मुकादम कायमचा नसतो. दर आठवड्याला एकेकाचा नंबर. ही पद्धत आत्यानेच भांडून आणली. साहेबाला ती कधीच पटली नाही. "एक जरी तक्रार आली तर बाहेरचा माणूस आणून बसवीन," असं त्याने बजावलं होतं.

आणि नंबर आला भोंग्याचा. भोंगा म्हणजे येईल त्या मुकादमाला शिव्या घालणारा, "आपण काय गुलाम आहोत का?" म्हणणारा. खुर्चीत बसला आणि दुपारपर्यंत साहेबाच्याच सुरात बोलायला लागला. चहाला विचारून जा. हसू नका. मग इस्त्रीवाल्या काकांचं स्टूल उचलून कोठीत टाकलं. काकांचे गुडघे गेलेले. भोंगा म्हणे, उभं राहिलं की हात भराभर चालतो!

माझं डोकं फिरलं. चादर टाकली नि साहेबाकडे निघाले. आत्याने मनगट धरलं.

"सोड आत्या. काका पडतील."

"तू तिकडे गेलीस की हे नंबर बंद. मग जो येऊन बसेल त्याला कोण उठवणार?"

"मग काय, पाय चेपू याचे?"

आत्या भोंग्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सोमवारी काका खुर्चीत, तू इस्त्रीवर. स्टूल कुठे टाकलंस ते त्यांना दाखवून ठेव बाबा. तुझ्या वेळी शोधाशोध नको."

काकांनी इस्त्री थांबवलीच नाही. "मी नाही शोधणार. मलाही भराभर हात आवडतात."

सगळे खो-खो हसले. भोंग्याचे कान लाल. उठून कोठीत गेला आणि स्वतःच स्टूल घेऊन आला.

"पाय हलत होता याचा, म्हणून ठेवलं होतं."

"हो का? मग ठोकून दे," आत्या म्हणाली.

त्याने ठोकूनही दिलं. तक्रार वर गेलीच नाही, नंबर अजून चालू आहेत.

मला वाटायचं, दाबणारी माणसं वेगळी आणि दबणारी वेगळी. आत्या म्हणते, "माणूस तोच गं. परत खाली यायचंय हे ध्यानात असलं की बरा वागतो."

स्वतःचा नंबर आला की मात्र ती दुसऱ्याला देते. मी समजायचे, मोठं मन. परवा आईने सांगितलं. माझ्या जन्माआधी आत्याच तिथली कायमची मुकादम होती. एके दिवशी कामावरून आली आणि आईला म्हणाली, "वहिनी, मी घरात आले की उठून उभं राहत जा."

आईला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. आई खरंच उठली, तेव्हा आत्या रडायला लागली आणि दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची सोडली.