अब्बांनी सांगितलेला IP

मी केमिकल प्लांटमध्ये काम करतो. कारणाशिवाय काही घडत नाही, हे रोजच्या कामातच अंगात मुरलेलं. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून जायचो. तरीही हे लिहितोय...

मी मोहोपाड्याला क्वार्टरमध्ये राहतो. अम्मी गेल्यापासून अब्बा कशेळ्याच्या घरी एकटेच. म्हणून तिथे कॅमेरा बसवला. जुना होता... मोबाईलवर बघायचा तर घरच्या ब्रॉडबँडचा IP, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ता, टाकावा लागे. आणि लाईट गेली, नेट तुटलं, की तो IP बदलायचा. मग मी फोन करायचो आणि अब्बा त्यांच्या मोबाईलवर बघून नवीन आकडे वाचून दाखवायचे. एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, एकेक आकडा खणखणीत!

त्या दुपारीही कॅमेरा बंद पडला. मी फोन लावला. लगेच उचलला.

"अब्बा, लाईट गेली होती काय?"

"हां. लिहून घे, इम्त्याज." आवाज नेहमीचाच. सगळे आकडे सांगून झाल्यावर म्हणाले, "लवकर बघ रं."

असं ते कधी म्हणत नसत. फोन स्पीकरवर ठेवून मी IP टाकला. चित्र आलं...

अब्बा मागच्या दाराशी पालथे पडले होते. एक हात फरशीवर हळूहळू सरकत होता. मोबाईल पार दुसऱ्या टोकाला, कपाटावर, चार्जरला लावलेला.

आणि माझ्या स्पीकरवर आवाज आला — "दिसलो ना?"

फोन कट झाला.

मी अब्बांच्या शेजारच्या सुमनकाकूंना फोन केला. त्यांनी टेंपोतून अब्बांना कर्जतला नेलं. वाचले. पण अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "पक्षाघाताचा झटका सकाळीच आलाय. तेव्हापासून त्यांना बोलता येणं शक्यच नाही."

मी काकूंना खोदून खोदून विचारलं.

"घरात दुसरं कुणीच नव्हतं रं," त्या म्हणाल्या. "फोन कपाटावर होता. मी घेतला तर बंद. चार्जरचं बटनच दाबलेलं नाय."

माझ्या मोबाईलमध्ये मात्र तो कॉल आहे. IP तर बरोबरच होता, नाहीतर चित्र दिसलंच नसतं.

अब्बांना विचारलं, "तुम्ही बोललात माझ्याशी?" त्यांनी मान हलवली... नाही.

मग कोण बोललं? मला आजही माहीत नाही.